अर्ज हीच फी

नोकरी देऊ करणारा खोटा मेल ओळखायचा कसा, हे आता बहुतेकांना पाठ झालं आहे. इंग्रजी चुकीचं असतं, पगार अवाच्या सवा असतो, मुलाखत व्हॉट्सॲपवर नाहीतर टेलिग्रामवर होते आणि शेवटी कुठेतरी पैसे भरायला सांगतात. गेल्या काही वर्षांत या मेलची भाषा सुधारली आहे. मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरीच गोष्ट. पाठवणाऱ्याला आपल्याविषयी बरंच काही आधीच ठाऊक असतं. पदवी कुठली, आधीची नोकरी कुठे होती, राहतो कुठल्या शहरात, आणि मुख्य म्हणजे सध्या आपण काम शोधत आहोत, हे सगळं त्याला माहीत असतं.

ही माहिती त्याच्याकडे आली कुठून? ‘हॅकिंग’ हे उत्तर खोटं नाही, पण ते अपुरं आहे. काम शोधणाऱ्या माणसाच्या गरजेवर पोट भरणारा मधला माणूस फार जुना आहे. त्याला आवरण्यासाठी जगभर कायदे झाले, आणि त्या कायद्यांचा गाभा एकच होता : काम मागणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, घेतलेच तर मर्यादेत घ्यायचे. हा नियम रुजायला शंभर वर्षं लागली. तो रुजत आला तेव्हा फीचं रूप बदललं. आज आपण फी म्हणून देतो ती आपली माहिती, आणि ती देताना आपण काही देतो आहोत असं आपल्याला वाटतही नाही. या लेखात तो बदल कसा झाला ते पाहायचं आहे.

अरकाटी

परदेशातल्या मराठी माणसाने ही गोष्ट मॉरिशसपासून सुरू करणं योग्य. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. गुलामगिरी संपत आली होती आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. त्यानंतरच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख भारतीय त्या बंदरात उतरले. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, बरेच तमिळ आणि तेलुगू भाषक, आणि मुंबई बंदरातून गेलेले, मुख्यतः कोकणातले, मराठी लोक. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात.

या माणसांना गावातून उचलून बंदरापर्यंत आणणारा दलाल म्हणजे अरकाटी. त्याला माणशी पैसे मिळत, आणि ते मळेवाल्यांच्या बाजूने येत. मजुराच्या खिशात मुळात काही नव्हतंच. त्यामुळे अरकाट्याला मजुराकडून हवा होता फक्त होकार. तो मिळवण्यासाठी काय काय सांगितलं गेलं, त्याच्या आठवणी मॉरिशसमधल्या कुटुंबांत अजून सांगितल्या जातात. दगड उलटला की खाली सोनं सापडतं, ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. समुद्र किती दिवसांचा आहे आणि करार किती वर्षांचा, हे मात्र स्पष्ट सांगितलं जात नसे.

तक्रारी इतक्या वाढल्या, की १८३९ साली ही वाहतूक बंद करण्यात आली. कलकत्त्यात नेमलेल्या चौकशी समितीसमोर फसवणुकीच्या आणि जबरदस्तीच्या साक्षी झाल्या. पण मळेवाल्यांचा रेटा मोठा होता. १८४२ साली कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मॉरिशसला जायची परवानगी पुन्हा मिळाली, या वेळी सरकारी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. फसवणुकीवरचा उपाय म्हणून नोंद आली : प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरच्या खुणा. १८६० च्या दशकात त्यात छायाचित्राची भर पडली, आणि करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही आपला फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणं भाग पडलं. तो जवळ नसला तर अटक होई.

ही नोंदवही दुहेरी आहे. ज्या कागदाने मजुराला संरक्षण द्यायचं, त्याच कागदाने त्याला बांधून ठेवलं. आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्याच नोंदी चाळून मॉरिशसचे लोक आपल्या खापरपणजोबांचं गाव शोधतात. काम मागणाऱ्या माणसाबद्दल गोळा केलेली माहिती फार काळ टिकते, आणि ती पुढे कुणाच्या हाती जाईल हे त्या माणसाच्या हातात नसतं, एवढं यातून लक्षात ठेवू.

स्टीव्हन्स स्ट्रीट

आता अमेरिकेत येऊ, कारण ‘काम मागणाऱ्याकडून पैसे घ्यायचे का’ हा प्रश्न इथे रस्त्यावर आणि मग न्यायालयात लढला गेला.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडचं स्पोकेन हे शहर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंगामी मजुरांचं ठाणं होतं. जंगलतोड, खाणी, रेल्वेची बांधकामं, शेती, सगळीकडे माणसं लागत, आणि ती स्पोकेनच्या स्टीव्हन्स स्ट्रीटवरच्या एजन्सींमधून जात. एजन्सीच्या दारात खडूने फळ्यावर कामं लिहिलेली असत. मजुराने एक डॉलरच्या आसपास फी भरायची आणि चिठ्ठी घेऊन शंभर-दीडशे मैलांवरच्या कामावर जायचं. तिथे पोहोचल्यावर कधी कळे की असं काम मुळात नाहीच. कधी काम असे, पण मुकादम आणि एजंट यांचं संगनमत असे. चार दिवसांनी मुकादम माणूस काढून टाकी, म्हणजे एजंटला त्याच जागेसाठी नवी फी मिळे आणि ती दोघांत वाटली जाई. मजूर आपसांत थट्टेने म्हणत की या लोकांनी कधीही न थांबणारं यंत्र शोधून काढलंय : एक टोळी कामावर येतेय, एक काम करतेय आणि एक परत जातेय.

‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेने या एजन्सींविरुद्ध रस्त्यावर भाषणं सुरू केली. शहराने रस्त्यावर बोलायलाच बंदी घातली. नोव्हेंबर १९०९ पासून मजूर एकामागून एक खोक्यावर चढू लागले, चार शब्द बोलायचे आणि अटक करवून घ्यायचे. शेकडो लोकांनी तुरुंग भरले. त्यात अवघ्या १९ वर्षांची, गरोदर असलेली एलिझाबेथ गर्ली फ्लिन होती. मार्च १९१० मध्ये शहराने माघार घेतली आणि अनेक एजन्सींचे परवाने रद्द झाले.

पुढे १९१४ साली वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी थेट मतदानाने कायदा केला : नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडून फी घेता येणार नाही. तीन वर्षांनी, ‘ॲडम्स विरुद्ध टॅनर’ खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ अशा मतांनी रद्द ठरवला. बहुमताचं म्हणणं असं, की हा धंदा उपयोगी आहे, गैरप्रकार होतात म्हणून त्याला नियम लावता येतील, पण तो बंद करता येणार नाही. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी भिन्नमत लिहिलं आणि एजन्सींच्या गैरप्रकारांचा सविस्तर पुरावा त्यात मांडला. न्यायालयाचा सूर बदलायला १९४१ साल उजाडावं लागलं. ‘ओल्सेन विरुद्ध नेब्रास्का’ खटल्यात एजन्सीच्या फीला कमाल मर्यादा घालायचा राज्याचा अधिकार एकमताने मान्य झाला.

स्टीव्हन्स स्ट्रीटवर विकलं काय जात होतं, ते नीट पाहायला हवं. काम कुठे आहे, ही माहिती एजंटकडे होती आणि मजुराकडे नव्हती. म्हणजे कामाची माहिती कामगाराला विकली जात होती. पुढच्या शंभर वर्षांत हा व्यवहार बरोबर उलटा झाला.

बॉक्स नंबर आणि पोस्टल ऑर्डर

दरम्यान सरकारांनी दुसरा रस्ता काढला : मधला माणूसच नको, सरकारने फुकट नोंदणी करावी. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पहिल्याच वर्षी बेकारीवर जो करार केला, त्यात मोफत सरकारी रोजगार कार्यालयांची कल्पना होती. भारतात ती १९४५ साली आली, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी, आणि १९४८ पासून सर्वांना खुली झाली. आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवलं होतं. ‘कॉल’ येईल म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहिली, कार्डाचं नूतनीकरण केलं. त्या रांगेची थट्टा आपण भरपूर केली आहे. पण त्या कार्डावरची माहिती कुणी विकल्याचं आपल्या ऐकिवात नाही. तिला गिऱ्हाईकच नव्हतं, आणि हाताने लिहिलेली लाखभर कार्डं उतरवून घेणं कुणाला परवडलं नसतं.

खाजगी नोकऱ्या वर्तमानपत्रातून कळत. त्यात एक प्रकार होता बॉक्स नंबरचा : कंपनीचं नाव नाही, फक्त ‘बॉक्स क्रमांक अमुक, द्वारा’ त्या वर्तमानपत्राचं नाव. अर्ज करणारा आपलं वय, शिक्षण, सध्याचा पगार आणि घरचा पत्ता एका अज्ञात माणसाला पाठवत असे. माहिती देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, ही गोष्ट इंटरनेटच्या आधीपासून चालत आलेली आहे. फरक एवढाच, की त्या अर्जांचे गठ्ठे पुढे रद्दीत जात.

तेव्हाची फसवणूक त्यामुळे पैशांची असे. सोबत पोस्टल ऑर्डर जोडायला सांगायची आणि मग गप्प बसायचं. आखाती देशांत नोकऱ्या निघाल्या तशी रक्कम वाढली. सत्तरच्या दशकात तेलाच्या किमती चढल्या आणि मुंबई हे भरतीचं मोठं केंद्र झालं. दागिने मोडून एजंटला पैसे दिलेली आणि मुंबईत लॉजवर व्हिसाची वाट पाहत बसलेली माणसं, हे त्या काळातलं नेहमीचं दृश्य होतं. १९२२ चा जुना कायदा अपुरा पडला, म्हणून १९८३ चा उत्प्रवास कायदा आला. एजंटला नोंदणी सक्तीची झाली आणि त्याने घ्यायच्या फीवर मर्यादा आली. आज ती मर्यादा ₹३०,००० अधिक कर अशी आहे. प्रत्यक्षात किती घेतात, हे आखातात राहणाऱ्या वाचकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. पण निदान नियम सांगता येतो, पावती मागता येते आणि तक्रारीत आकडा लिहिता येतो. पैशांच्या फीचं हे असं आहे : ती दिल्याचं माणसाला कळतं.

फुकट

१९९४ साली बॉस्टनजवळ ‘द मॉन्स्टर बोर्ड’ सुरू झालं. १९९७ साली भारतात ‘नोकरी डॉट कॉम’ आलं. त्यांनी सुरुवातीला वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वेचून एका ठिकाणी आणल्या होत्या. काम शोधणाऱ्याला दोन्ही ठिकाणी मूळ सेवा फुकट. स्पोकेनच्या मजुरांना जे हवं होतं तेच झालं होतं : पैसे मालकाने द्यायचे, कामगाराने नाही.

मालक मात्र दोन गोष्टींचे पैसे देत होता. एक, जाहिरात लावण्याचे. दोन, बायोडेटांच्या साठ्यात शोध घेण्याचे. हा दुसरा भाग महत्त्वाचा. आपण बायोडेटा ‘टाकतो’ तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एखादी नोकरी असते. साठा बाळगणाऱ्याच्या दृष्टीने आपण त्याच्या मालात भर घालत असतो. यात बेकायदा काही नाही, आणि अनेकांना, कदाचित आपल्यापैकीही अनेकांना, यातूनच नोकऱ्या मिळाल्या आहेत. पण व्यवहाराची दिशा बदलली होती. आता कामगाराची माहिती मालकाला विकली जात होती.

आणि मालक कोण आहे हे तपासणार कोण? फेब्रुवारी २००३ मध्ये मॉन्स्टरला आपल्या सदस्यांना मेल पाठवून सावध करावं लागलं, की काही खोट्या जाहिराती केवळ लोकांची माहिती गोळा करण्यासाठी लावल्या जात आहेत. बॉक्स नंबरचा अज्ञात माणूस परत आला होता. या वेळी अर्ज रद्दीत जाणार नव्हते.

ऑगस्ट २००७ मध्ये याहून मोठी गोष्ट घडली. सिमँटेक या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना युक्रेनमधल्या एका सर्व्हरवर मॉन्स्टरच्या सदस्यांच्या माहितीचा साठा सापडला : नावं, पत्ते, फोन नंबर, ईमेल. मॉन्स्टरने नंतर सुमारे १३ लाख लोकांचा आकडा दिला. अमेरिकी सरकारच्या नोकऱ्यांचं संकेतस्थळ मॉन्स्टरच चालवत असे, त्यामुळे तिथे नाव नोंदवलेले लोकही यात सापडले.

चोरांनी भिंत फोडली नव्हती. त्यांनी नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे पासवर्ड मिळवले होते. त्या पासवर्डने आत शिरून त्यांच्या प्रोग्रॅमने तेच केलं जे पैसे भरणारं गिऱ्हाईक करतं : बायोडेटा शोधले आणि उतरवून घेतले. बाहेरून पाहणाऱ्याला हा एक फार उत्साही भरती अधिकारी वाटला असता.

पुढे या यादीतल्या लोकांना मेल गेले. काहींत नोकरी शोधायला मदत करणारं एक साधन उतरवून घ्यायला सांगितलं होतं. ते उतरवलं की संगणकातल्या फाइली कुलूपबंद होत आणि खंडणी मागितली जाई. काहींत चक्क नोकरी होती : ‘ट्रान्सफर मॅनेजर’. काम असं, की आपल्या बँक खात्यात येणारे पैसे थोडं कमिशन कापून पुढे पाठवायचे. म्हणजे चोरीचा पैसा धुऊन द्यायचा, स्वतःच्या नावाने. ज्यांना ‘काम शोधतोय’ असं आधीच माहीत असलेल्या लोकांना हा मेल जातो, त्यांच्यातले काही तो उघडणारच. यादीची किंमत त्या एका माहितीत होती.

लीड

चोरी म्हटली की निदान गुन्हेगार कोण हे स्पष्ट असतं. विक्रीचं तसं नाही.

एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, ‘गिगॅट्स’ नावाचं संकेतस्थळ चालवणाऱ्यांवर कारवाई केली. तिथे भरपूर नोकऱ्या दिसत. अर्ज भरला की ‘प्राथमिक चाळणी’ म्हणून प्रश्न विचारले जात आणि मग ‘शिक्षण सल्लागाराशी’ बोलायला सांगितलं जाई. तो सल्लागार अर्जदाराला अशा महाविद्यालयांकडे वळवी, ज्यांनी त्या संकेतस्थळाला पैसे दिलेले असत. एफटीसीच्या म्हणण्यानुसार कुठल्याही मालकासाठी चाळणी चाललेलीच नव्हती, आणि बऱ्याच नोकऱ्या एकतर शिल्लक नव्हत्या किंवा मालकाच्या संमतीशिवाय लावलेल्या होत्या.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, आणखी एक प्रकरण आलं. सैन्यात भरती व्हायची इच्छा असलेल्या तरुणांसाठी सरकारी वाटतील अशी संकेतस्थळं काढली होती. तिथे भरलेली माहिती फक्त भरतीसाठी वापरू, असं आश्वासन होतं. एफटीसीच्या आरोपानुसार ती माहिती शिक्षणसंस्थांना विकली गेली, दर माणशी १५ ते ४० डॉलर.

या धंद्यात अशा माहितीला ‘लीड’ म्हणतात. सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलाने भरलेला फॉर्म म्हणजे एक लीड. अरकाट्यालाही माणशी पैसे मिळत, पण त्याला माणूस बंदरापर्यंत चालवत न्यावा लागे आणि तो एकदाच विकता येई. लीड कितीही वेळा विकता येते. एकाने घेतलेली यादी दुसऱ्याकडे जाते, तिथून तिसऱ्याकडे, आणि या साखळीत कुठेतरी ती अशा माणसाच्या हातात पडते ज्याच्याकडे ना नोकरी असते ना महाविद्यालय.

घड्याळ

ही यादी कुणावर सगळ्यात चांगली चालते? ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याच्यावर. आणि परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांकडे वेळ नेहमीच कमी असतो.

अमेरिकेत शिक्षण संपवून ओपीटीवर असलेल्या विद्यार्थ्याला एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. एच-१बी वरच्या माणसाची नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर सामान आवरावं लागतं. मी पोस्टडॉक आहे, म्हणजे वर्षावर्षाच्या करारावर. आमच्या व्यवसायात तर बायोडेटा जाहीरच असतो : विद्यापीठाच्या पानावर नाव, ईमेल, शोधनिबंधांची यादी. करार संपत आला की मला जे मेल येतात, त्यांत माझ्या शोधनिबंधाचं शीर्षक बिनचूक लिहिलेलं असतं. नोकरी कुठे आहे, हे मात्र कधी स्पष्ट नसतं.

विद्यार्थ्यांना येणारा मेल वेगळा. एखाद्या प्राध्यापकाच्या नावाने ‘घरून काम करणारा संशोधन सहायक हवा’ असं येतं. काम सुरू होण्याआधीच चेक येतो, ‘सामान मागवायला’. चेक खात्यात भरला की एक-दोन दिवसांत त्यातली रक्कम वापरता येते, कारण इथल्या नियमांनुसार बँकेला ती लवकर उपलब्ध करून द्यावी लागते. विद्यार्थी सांगितलेल्या ‘दुकानदाराला’ पैसे पाठवतो. चेक खोटा असल्याचं त्यानंतर कळतं, कधीकधी काही आठवड्यांनी, आणि बँक पैसे विद्यार्थ्याकडून वसूल करते. एफबीआयने २०१७ च्या जानेवारीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना याबद्दल सावध केलं होतं.

भारतातून आलेला विद्यार्थी इथे आणखी एका कारणाने अडकतो. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय बाहेरचं काम घेणं हाच नियमभंग ठरू शकतो. त्यामुळे फसल्यावर तो पोलिसांकडे किंवा विद्यापीठाकडे जायला घाबरतो. खात्यातून चोरीचे पैसे फिरले असतील तर भीती आणखी मोठी. ही शांतता भामट्यांच्या फार उपयोगाची असते.

एफटीसीकडे नोंदल्या गेलेल्या तक्रारींत नोकरीविषयक फसवणुकीतला तोटा २०२० साली सुमारे ९ कोटी डॉलर होता. २०२४ साली तो ५० कोटी डॉलरवर गेला. हा फक्त नोंदलेला आकडा.

म्यावाडी

सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने एक सूचना काढली. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग’च्या भरघोस पगाराच्या नोकऱ्या, अशा जाहिरातींनी आयटीतल्या तरुणांना बोलावलं जात होतं. तिथून त्यांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये, बहुतेकदा म्यावाडी भागात नेलं जाई आणि डांबून ठेवलं जाई. काम काय? जगभरच्या लोकांना ऑनलाइन फसवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला, की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा कामाला जुंपलेले असावेत. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी थायलंडमार्गे ५०० हून जास्त भारतीयांना परत आणलं.

या लोकांच्या हातात फोन नंबरांच्या आणि नावांच्या याद्या दिल्या जात. म्हणजे खोट्या नोकरीने फसलेला माणूस पुढच्या माणसाला फसवायला बसवला जात होता, आणि आपल्याला येणाऱ्या एखाद्या निरोपाच्या पलीकडे असाच कुणी बसलेला असू शकतो, नाशिकचा, सुरतेचा किंवा हैदराबादचा. एकोणिसाव्या शतकातल्या मजुराच्या कराराला निदान ठरलेली मुदत होती.

दोन कलमं

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ साली खाजगी रोजगार एजन्सींबद्दल करार केला, क्रमांक १८१. त्याचं सातवं कलम म्हणतं, की एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये. त्याच्या बरोबर आधीचं सहावं कलम म्हणतं, की कामगाराच्या वैयक्तिक माहितीचं संरक्षण झालं पाहिजे आणि एजन्सीने फक्त पात्रता, अनुभव आणि थेट संबंधित अशीच माहिती हाताळावी. ज्या वर्षी ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झालं, त्याच वर्षी ही दोन कलमं शेजारी शेजारी लिहिली गेली होती. ज्यांनी ती लिहिली त्यांना फी कुठल्या दिशेने सरकणार आहे, हे कळलेलं दिसतं.

सातव्या कलमामागे स्पोकेनच्या तुरुंगांपासूनचा इतिहास आहे. सहाव्यामागे तसा लढा अजून उभा राहिलेला नाही. युरोपात २०१८ पासून माहिती संरक्षणाचा कडक कायदा लागू आहे. भारताने २०२३ साली कायदा केला. अमेरिकेत सर्व राज्यांना लागू होणारा असा एकच कायदा नाही. कॅलिफोर्नियात मात्र १ जानेवारी २०२३ पासून नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांनाही मोठ्या कंपन्यांकडे ‘माझी काय माहिती ठेवली आहे ते दाखवा’ आणि ‘ती काढून टाका’ असं म्हणता येतं. तिथे राहणाऱ्या वाचकांनी हा हक्क एकदा वापरून पाहावा.

बाकीच्यांसाठी जुना नियम नव्या चलनात वाचणं, एवढं आजच करता येईल. काम मिळण्याआधी कुणी पैसे मागितले तर आपण उठून जातो. काम मिळण्याआधी कुणी पासपोर्टची प्रत, सोशल सिक्युरिटी नंबर, आधार किंवा बँक खातं मागितलं तरीही तसंच उठावं. कंपनीचा फोन नंबर मेलमधून घेऊ नये, स्वतः शोधून फोन करावा. नोकरी शोधायला वेगळा ईमेल पत्ता ठेवावा आणि बायोडेटावर घराचा पूर्ण पत्ता व जन्मतारीख लिहू नये. नोकरी मिळाली की जुन्या संकेतस्थळांवरचा बायोडेटा काढून टाकावा. भारतातून कुणी आखातात किंवा थायलंडकडे निघत असेल, तर एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, हे आपण इथून दोन मिनिटांत पाहून सांगू शकतो.

आणि कुणी फसल्याचं कळलं, तर पहिला प्रश्न ‘एवढं शिकून कसा फसलास?’ हा नसावा. स्टीव्हन्स स्ट्रीटवर एक डॉलर भरणारे मजूर मूर्ख नव्हते. त्यांना काम हवं होतं आणि काम कुठे आहे हे दुसऱ्याच कुणाला तरी माहीत होतं. ते खोक्यावर चढून आपल्याबरोबर काय झालं हे मोठ्याने सांगू लागले, तेव्हा परवाने रद्द व्हायला सुरुवात झाली. आपल्या मंडळांत, विद्यार्थ्यांच्या गटांत, घरच्या व्हॉट्सॲपवर असं सांगणाऱ्याला बोलू द्यावं, आणि तक्रार नोंदवायला त्याच्यासोबत बसावं.